पत्ते संपत आले तेव्हा

६ जून

प्रिय काका,

नमस्कार, आणि नमस्काराच्या मागोमाग भांडण.

फोनवर तू "हं", "बरं", "बघू" यांच्या पुढे जात नाहीस आणि मेल केली तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतोस. म्हणून सरळ कागद घेतला. गावाला इंटरनेट पुरवणारी कंपनी चालवणारी बाई काकाला टपालाने पत्र लिहिते, हे ऐकून आपला वायरमन लांबू पोट धरून हसला. खांबावर चढलेला असताना हसला, तेवढं मात्र मला आवडलं नाही.

भांडण असं आहे. रुग्णालयामागची नवी वसाहत बांधून झाली. तीनशे घरं! जोडणीचं काम आपल्याला मिळालं, म्हणून मी सायकलवाल्याच्या दुकानावरच्या आपल्या ऑफिसात एकटीच नाचले. मग खाली बसून आपल्याकडचे इंटरनेटचे पत्ते, म्हणजे ते आयपीचे आकडे, मोजले आणि नाच थांबला. द्यायला पत्तेच नाहीत रे. जुन्या पद्धतीचे जेमतेम अडीचशे पत्ते आपल्या वाट्याला आलेत, ते सगळे वापरात आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेकडे मागितले तर त्यांनी रांगेत उभं केलं, आणि रांग अशी की माझा नंबर लागेपर्यंत मी तुझ्या वयाची होईन. बाजारात मिळतात, पण सोन्याच्या भावाने.

तू गेल्यावर, मे महिन्यात, मी एक नवं यंत्र बसवलंय. ते एका पत्त्यामागे शंभरेक घरं बसवतं. समज, मोठी इमारत आहे, बाहेरचं दार एकच आणि दारात एक पहारेकरी. आतल्या कुणी काही मागवलं की तो लक्षात ठेवतो आणि आलेली वस्तू बरोबर त्याच बिऱ्हाडात पोचवतो. झकास चालतंय. पण त्यासाठीसुद्धा पाच-सहा पत्ते मोकळे हवेत. ते कुठून काढू म्हणून बघायला गेले, तर काय दिसलं? माझ्या काकाने सुरुवातीच्या काळात पत्ते खिरापतीसारखे वाटलेत. कायमचे आणि फुकट! बेकरीवाल्याला, दंतवैद्याला, वाचनालयाला, शिंप्याला. शिंप्याला कशाला रे? त्याच्याकडे संगणकसुद्धा नाही.

ते मी परत मागणार आहे. रागावू नकोस.

गुडघा कसा आहे? महिन्याभरात येतो म्हणून मार्चमध्ये गेलास. ताईला सांग, काका तुझा बाप असला तरी आम्ही तो उसना दिलाय.

तुझी झिपरी

&nbsp;

१४ जून

चि. झिपरे,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

मी धंदा सुरू केला तेव्हा जगात असे पत्ते चारशे कोटींच्या वर आहेत, असं वाचलं होतं. मनात म्हटलं, एवढी शहाणी माणसं तरी पृथ्वीवर आहेत का? पुढे फ्रिजलाही पत्ता लागेल आणि दिव्यालाही, हे कुणाला ठाऊक होतं? तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी चहा द्यायचो आणि पत्ता द्यायचो. चहा जास्त महाग पडायचा. शिंपी तेव्हा संगणक घेणार होता. अजूनही घेणारच आहे, विचार त्याला.

परत घ्यायला हवेत, तुझं बरोबर आहे. पण नोटिसा पाठवू नकोस. नोटीस आली की माणूस आधी चष्मा शोधतो आणि मग वकील. प्रत्येकाकडे स्वतः जा, बस, आधी त्याचं ऐकून घे. दंतवैद्य वाद घालेल, घालू दे. त्याच्यासमोर एरवी सगळ्यांचीच तोंडं उघडी असतात, पण बोलता कुणालाच येत नाही. त्याला बोलणारं माणूस मिळालं की बरं वाटतं. आणि मोबदल्यात नव्या पद्धतीचे पत्ते दे. ते वाळूच्या कणांइतके पडलेत.

एक मात्र लक्षात ठेव. कुत्र्यांचं पाळणाघर चालवणाऱ्या बाईंकडे जाऊ नकोस. त्यांचा पत्ता त्यांच्याकडेच राहू दे. तांत्रिक कारण आहे.

इकडे ताईच्या घरातल्या सगळ्या वायरी मी रंगांप्रमाणे लावून दिल्या. जावईबापू दोन दिवस टीव्ही शोधत होते. गुडघा अजून थोडा कुरकुरतो. म्हणून लगेच येत नाही.

तुझा काका

&nbsp;

२७ जून

प्रिय काका,

तुझा सल्ला मानला आणि दारोदार हिंडले.

शिंप्याने मान वर न करता सांगितलं, "घेऊन जा. कुठे ठेवलाय ते तूच शोध." हा सगळ्यात सोपा.

बेकरीवाल्याने मात्र मला हात धरून दुकानाबाहेर नेलं आणि पाटी दाखवली. तू म्हणे त्याला सांगितलं होतंस, हा आकडा जगात फक्त तुझा! त्याने तो नावाखाली लाल रंगात रंगवून घेतलाय. म्हणाला, "लोक विचारतात हे काय, मी सांगतो, आणि बोलता बोलता पाव खपतो." मी त्याला नव्या पद्धतीचा पत्ता लिहून दाखवला. अक्षरं आणि आकडे मिळून केवढा लांब! त्याने कागद एकदा आडवा धरला, एकदा उभा, आणि म्हणाला, "हा पाटीवर मावायचा नाही." बराच वेळ विचार केला. मग माझ्या कानाशी आला. "असं करू. पत्ता तू घे, पाटी राहू दे. गिऱ्हाईक थोडंच तपासायला जाणार आहे?" शिवाय एक पाव दिला. गरम.

वाचनालयानेही दिला. दंतवैद्य आधी रागावले. "दात उपटताना मी भूल देतो, तू तशीच आलीस!" मी ऐकून घेतलं, पुष्कळ ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पाळणाघरवाल्या बाईंचा घेणार असशील तर माझाही घे. एकीला एक न्याय आणि मला दुसरा, असं चालणार नाही."

आता सांग, मी काय करू?

आणि ऐक, आणखी एक पंचाईत झाली. मागची गल्ली सबंध एका पत्त्यामागे बसवली. त्यांच्यापैकी कुणीतरी कुठल्याशा साइटवर धुमाकूळ घातला असणार. बाहेरच्यांना काय, सगळे एकच दिसतात. परिणाम असा की आता सगळ्या गल्लीला उठता-बसता सिद्ध करावं लागतंय की आपण यंत्र नाही. चित्रातल्या सायकली ओळखा, सिग्नल ओळखा. कोपऱ्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांचा फोन आला. "मुली, मी जन्मभर लोकांना शपथा घालून नाही नाही ते विचारलं. पण तू माणूस आहेस का, असं कधी कुणाला विचारलं नाही." मी माफी मागितली आणि गल्ली दोन पत्त्यांत विभागली. म्हणजे अजून एक पत्ता खर्च.

पाळणाघराचं तांत्रिक कारण नीट सांग. बाईंना कॅमेऱ्यासाठी पत्ता लागतो, ते मला कळतं. तेवढंच आहे का?

झिपरी

&nbsp;

४ जुलै

चि. झिपरीस,

पाळणाघराकडे जाऊ नकोस म्हणून सांगितलं ना? एकदा सांगितलेलं पुन्हा विचारू नये.

दुसरं. मी इकडेच राहावं असं माझ्या मनात घोळतंय. ताईचं घर मोठं आहे, नातवंडं आहेत, दवाखाना जवळ आहे. कंपनी तू उत्तम चालवतेस. कागदोपत्रीही तुझ्या नावावर करून टाकावी म्हणतो. तिकडे आता माझं असं काय अडलंय?

दंतवैद्याला म्हणावं, माझी आज्ञा आहे.

काका

&nbsp;

१२ जुलै

काका,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, आणि चिडले तशीच गाडी काढून पाळणाघरात गेले. हो, गेले. ज्या माणसाने या गावातल्या प्रत्येक खांबाला हात लावलाय तो "माझं काय अडलंय" म्हणून विचारतो, आणि एका पत्त्याचं नाव काढलं की आज्ञा सोडतो! इतकं न कळायला मी काय शिंपी आहे?

बाई अंगणात होत्या, पायात रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप. दोन्ही खिशांत बिस्किटं, त्यामुळे त्या जिकडे वळतील तिकडे चौदा शेपट्या वळत होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. आत नेलं, कॅमेरा दाखवला. परगावी गेलेली माणसं त्यातून आपापली कुत्री बघतात. आदल्याच दिवशी कुणा बाईंनी परदेशातून फोन केला होता, "आमच्या साहेबच्या भांड्यातलं पाणी संपलंय हो!" साहेब म्हणजे एक जाडा, लोळणारा कुत्रा. आता वाटणीचा पत्ता दिला तर बाहेरून असं अचानक येणाऱ्याला पहारेकरी आत सोडायचा नाही. आतून कुणी बोलावलेलंच नसतं ना! म्हणजे बाईंना स्वतंत्र पत्ता खरंच लागतो. इथवर तुझं तांत्रिक कारण बरोबर होतं.

मग बाई म्हणाल्या, "तुमच्या काकांनी मला आधीच विचारलं होतं की."

"काय विचारलं होतं?"

"मार्चमध्ये. जायच्या आधी. चहाचा कप हातात धरून उभे होते. म्हणाले, 'बाई, पत्ते संपत आलेत. आपल्या दोघांचा एकच पत्ता असला तर कसं होईल?' मी म्हटलं, छे छे, मला माझा स्वतंत्रच हवा. कुणाबरोबर वाटून घ्यायची मला सवय नाही, आणि या वयात ती झंझट नको."

"मग?"

"मग ते पांढरे पडले. कप तसाच खाली ठेवला आणि गेले. चहा संपवल्याशिवाय कधी जायचे नाहीत हो. मला वाटलं, कंपनी अडचणीत असेल, मी फारच तोडून बोलले. निरोप पाठवणार होते, तर कळलं गुडघ्यासाठी लेकीकडे गेलेत."

मी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवली आणि तशीच थांबले. काका, मार्चमध्ये आपल्याकडे ते यंत्र नव्हतंच! मे महिन्यात मी आणलं. मार्चमध्ये आपण कुणालाच वाटणीचा पत्ता देत नव्हतो, देऊ शकतही नव्हतो. मग तू बाईंना कुठल्या पत्त्याबद्दल विचारत होतास?

बाईंना मी काही बोलले नाही. तुला मात्र विचारते. आणि "हं, बरं, बघू" चालणार नाही.

झिपरी

&nbsp;

१९ जुलै

झिपरे,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आठ दिवस मी ते वाक्य घोकत होतो. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. मला दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येतं, सांग. तुझ्या काकूला मागणी घातली तीसुद्धा माझ्या मोठ्या भावाने, माझ्या वतीने. मी नुसता मागे उभा होतो. काकू जाऊन बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांत बोलावंसं वाटलं असं माणूस एकच भेटलं, आणि ते त्या कॅमेऱ्याच्या निमित्ताने. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तो तपासायला जायचो. तपासायला मिनिटभर लागायचं. तो कधी बिघडलाच नाही. मीच निवडून दिला होता, बिघडणार कसा? मी मग दोन-अडीच तास बसायचो, बाई कुत्र्यांचे एकेक किस्से सांगायच्या. त्या नक्कल फार छान करतात.

त्या म्हणाल्या, "मला माझा स्वतंत्रच हवा," आणि मला वाटलं, किती स्वच्छ नकार दिला. हसत हसत दिला, मला लाज वाटू नये म्हणून. पुन्हा तोंड दाखवून त्यांना अवघडवायचं नाही, असं ठरवलं. गुडघा निमित्ताला होताच. तो एप्रिलमध्येच बरा झाला.

आता तू म्हणतेस, त्यांना कळलंच नाही. हे वाचल्यापासून मी जास्तच घाबरलोय. तेव्हा न कळता नाही म्हणाल्या, ते एक वेळ परवडलं. आता नीट कळून नाही म्हणाल्या तर?

तेव्हा गप्प बस. तुला माझी शपथ आहे. ताईलाही यातलं काही माहीत नाही.

काका

&nbsp;

२६ जुलै

प्रिय काका,

मी शपथ पाळली. आधी हे लक्षात घे आणि मग पुढचं वाच.

काल बाईंकडे लांबूला पाठवलं होतं. फक्त वायर बदलायला. बाईंनी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, "हे वाटणीचे पत्ते तुमच्याकडे कधीपासून सुरू झाले?" लांबूला काय, तो विचारलं की सांगतो. "मे महिन्यात, बाई. काकांना तर हे यंत्र माहीतही नाही, ते गेल्यावर आलं." बाई हातात किटली धरून तशाच उभ्या राहिल्या म्हणे. मग खाली बसल्या. मग इतक्या हसल्या की सगळी कुत्री भुंकायला लागली. आणि मग त्यांनी लांबूला विचारलं, "काकांचा तिकडचा पत्ता आहे का? घराचा. टपालाचा."

लांबूने दिला. त्याला तू शपथ घातली नव्हतीस.

भ्यालेल्या काकाची भ्यालेली
झिपरी

&nbsp;

२९ जुलै

स. न.

तुम्हाला काय म्हणून लिहावं हेच मला सुचेना, म्हणून नुसता नमस्कार.

तुमच्या मार्चमधल्या प्रश्नाचा अर्थ मला जुलैमध्ये लागला. यात चूक कुणाची ते आपण समोरासमोर ठरवू, पण माझ्या मते ऐंशी टक्के तुमची. अहो, कुत्र्याला "बस" म्हणायचं असेल तर मी "बस" म्हणते. "भूपृष्ठाशी संपर्क वाढवता येईल का?" असं विचारत नाही.

मी एकटीने पुष्कळ वर्षं काढली. मला त्याची सवय आहे आणि बऱ्याच अंशी आवडही आहे. हे आधीच सांगते, मागाहून फसवलं म्हणू नका. पण हेही खरं आहे की तुम्ही गेल्यापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी फडताळातून दोन कप काढते आणि मग एक परत ठेवते. दर वेळी काढते. मी विसरभोळी नाही.

आणखी एक कळवायचं आहे. मी नवा कॅमेरा घेतला. त्याला नव्या पद्धतीचे पत्ते कळतात. परदेशातल्या बाईंनी तिकडून साहेबला पाहून खात्री करून घेतली. तुमचा जुना पत्ता मी तुमच्या पुतणीला परत देऊन टाकला. दंतवैद्यांनीही लगोलग दिला. म्हणजे तुम्हाला आता माझ्याकडे तपासायला यावं असं काही उरलेलं नाही. यायचं असेल तर नुसतंच यावं लागेल.

या, आणि विचारायचं ते साध्या भाषेत विचारा. उत्तर मी पत्रातून देणार नाही.

पाळणाघरवाली

&nbsp;

१ ऑगस्ट

सौजन्यपूर्वक नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. सात वेळा वाचलं. गुरुवारी संध्याकाळी येतो. यंत्राचं नाव काढणार नाही.

(याच्याआधी चार कागद फाडले.)

तुमचा
आपला
कॅमेरा तपासणारा

&nbsp;

८ ऑगस्ट

प्रिय ताई,

काकाने तुला फोनवर "हं, गेलो होतो, बरं झालं" एवढंच सांगितलं म्हणे, आणि तू मला सगळं सविस्तर लिही म्हणून बजावलंस. तेव्हा बस आणि वाच. भावजींना हाक मार, त्यांनाही ऐकव.

काका गाडीतून उतरला तो तूच इस्त्री केलेल्या शर्टात. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. घरी चल, हातपाय धू म्हटलं तर नको म्हणाला. सरळ पाळणाघरात. वाटेत नव्या वसाहतीवरून गेलो. मी म्हटलं, "बघ, सगळी घरं जोडून झाली, पत्ते पुरले." एरवी त्याने मला गाडी थांबवायला लावून एकेक पेटी उघडून बघितली असती. आज नुसतं "छान" म्हणाला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिला. चांगलं चार वाक्यांचं भाषण तयार करून आणलं होतं. मला म्हणून दाखवलं. साधं होतं, चांगलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे गाडी जरा गटाराच्या बाजूने गेली.

बाई फाटकापाशीच होत्या. बूट नव्हते, चांगले कपडे होते, पण खिशांत बिस्किटं असावीत, कारण सगळी मंडळी त्यांच्यामागे ओळीने बसली होती. काका फाटकाच्या अलीकडे जाऊन उभा राहिला. आणि, ताई, चारही वाक्यं गेली! मला मागून कळलं, त्याची मानच सांगत होती. मी गाडीत बसून स्टिअरिंग घट्ट धरलं.

मग काका म्हणाला, "बाई, मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला करायचंय का?"

एवढंच. आणि एवढ्या मोठ्याने, की पलीकडच्या घरातली खिडकी उघडली.

बाई म्हणाल्या, "आधी आत येऊन बसा तरी."

"बसलो तर धीर जाईल."

"मग उभ्याउभ्याच ऐका," बाई म्हणाल्या. "हो."

काकाने विचारलं, "हो म्हणजे?" इतकं होऊनही विचारलं बघ! तेव्हा बाईंनी सांगितलं, "हो म्हणजे, करायचंय."

त्यानंतर दोघंही तसेच उभे. एक फाटकाच्या अलीकडे, एक पलीकडे, दोघंही नुसते हसत. कुत्री एकदा ह्याच्याकडे बघतायत, एकदा तिच्याकडे. मी वाट पाहिली, पुष्कळ पाहिली. फाटक उघडायचं दोघांनाही सुचत नव्हतं. शेवटी मीच गाडीतून उतरले आणि कडी काढली.

तुझी झिपरी